बोल्टावरची निळी रेघ

माझ्या नवऱ्याला कुणाचा हेवा वाटत नाही, असं पुनावळ्यात कुणालाही विचारा, सांगतील. समोर काचेचं दार लावलेलं नवं सर्व्हिस सेंटर आलं, तिथे गिऱ्हाइकाला एसीत बसवून कॉफी देतात, तरी ह्यांनी मान वर करून बघितलं नाही. शेजारच्या प्लॉटवाल्यानं जमीन विकून बंगला बांधला, तर हे वास्तुशांतीला जाऊन वाट्यांवर वाट्या बासुंदी पिऊन आले आणि घोरत पडले. ज्योतीराम मिस्त्री म्हणजे देवमाणूस, असं लोक मला तोंडावर सांगतात. मी ऐकून घेते. देवमाणसाच्या घरात नांदायला लागतं म्हणजे काय, ते लोकांना कुठे माहीत असतं.

ह्यांना हेवा वाटतो तो एकाच माणसाचा. आमच्या जावयाचा.

आणि आता उघडच बोलायला बसले आहे तर हेही सांगते, की मला हेवा वाटतो तो माझ्या लेकीचा. पोटच्या पोरीचा हेवा कुठल्या आईला वाटतो, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. त्यांनी एकदा माझ्या जागेवर बसून बघावं.

माझी जागा म्हणजे गॅरेजच्या पत्र्याच्या शेडमधला डावा कोपरा. तिथे माझं शिलाई मशीन आहे. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते. समोर तोंड करून बसते, त्यामुळे गॅरेजमध्ये कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या तोंडावर काय उमटलं, ते सगळं मला दिसतं. हे मात्र माझ्याकडे पाठ करून काम करतात. बॉनेट तिकडेच असतं, त्याला ते तरी काय करणार, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं.

आम्ही मूळचे परांड्याकडचे. लग्न झालं तेव्हा हे भोसरीत एका कंपनीत कंत्राटी कामगार होते. कंत्राट असलं की कामावर, संपलं की घरी, असं चाललं होतं. त्याला कंटाळून एका मिस्त्रीच्या हाताखाली गाड्यांचं काम शिकले, आणि पुनावळ्यात अजून उसाचे फड होते तेव्हा हायवेच्या कडेला हे शेड भाड्यानं घेतलं. आता चारी बाजूंनी टॉवर झालेत आणि मधोमध आमचं शेड तेवढं तसंच राहिलं आहे. टॉवरमधली माणसं गाडी घेऊन येतात, नाक मुरडत उभी राहतात आणि पुढच्या वेळी पुन्हा इथेच येतात.

याचं कारण ह्यांचा हात. साधं प्लग बदलायचं काम घ्या. पेट्रोल गाडीत प्रत्येक प्लगच्या डोक्यावर एक कॉइल बसवलेली असते, तिच्यातून प्लगला ठिणगीची वीज मिळते. प्लग काढायचा तर आधी कॉइल काढावी लागते, आणि घाईवाला तिथेच फसतो. गाडी आली की हे नुसतं बॉनेट उघडून ठेवतात आणि खुशाल चहाला जातात. गिऱ्हाईक तळमळतं. हे सांगतात, इंजिन गार झाल्याबिगर हात लावणार न्हाई, घाई असली तर समोर काचेचं दार हाय. तापलेल्या इंजिनात प्लग फिरवला तर आटे जातात. वायरीच्या टोकाला जो जोड असतो, त्याचं प्लास्टिक रोज तापून तापून ठिसूळ झालेलं असतं, ते गडबडीत मोडतं. म्हणून गार झाल्यावर आधी बॅटरीची मायनसची वायर सोडायची. मग जोडाचं लॉक अंगठ्यानं दाबून जोड मागे सरकवायचा, वायर धरून ओढायचं नाही. दहा नंबरच्या पान्यानं तिचा बोल्ट काढायचा. कॉइल जरा डावीकडे, जरा उजवीकडे फिरवायची म्हणजे खालचं रबर सुटतं, आणि मगच ती सरळ वर उचलायची. वाकडी ओढली की रबर आतच राहतं. निघालेल्या प्रत्येक कॉइलवर खडूनं आकडा घालायचा, म्हणजे जिथली तिथे परत जाते. प्लगच्या भोकात हवा मारून कचरा उडवायचा, आणि त्यानंतर प्लगला पाना लावायचा.

हे सगळं मला पाठ आहे, कारण वर्षानुवर्षं मी ते त्यांच्या पाठीमागून बघितलं आहे. त्या इंजिनाशी हे इतक्या हळू वागतात, की मला कधीकधी हातातली कात्री फेकून मारावीशी वाटते. एकदा मशीनची सुई माझ्या बोटात आरपार गेली होती. ह्यांनी मान वळवून बघितलं, पट्टी बांध म्हणाले आणि पुन्हा बॉनेटमध्ये डोकं घातलं.

आणि विजू आली की? विजयश्री, आमची एकुलती एक. शाळा सुटली की दप्तर घेऊन गॅरेजवर यायची. तिचा आवाज ऐकला की ह्यांच्या हातातला पाना खाली. कपड्याच्या पावडरीनं कोपरापर्यंत हात धुवायचे, नखं घासायची, आणि मग तिला पेरू कापून द्यायचे. ती स्टुलावर बसून पेरू खात ह्यांचं काम बघायची. हे तिला सगळं सांगायचे, कॉइल म्हणजे काय, प्लग काळा पडला तर काय समजायचं, पांढरा पडला तर काय. पण हात लावू द्यायचे नाहीत. हात काळे होतील म्हणायचे. माझे हात रेक्झिन कापून खरखरीत झाले होते, ते काळे झाले की गोरे, हे ह्यांनी कधी विचारलं नाही.

विजू शिकली, चाकणला एका कंपनीत क्वालिटी विभागात लागली. रोज जायला यायला गाडी हवी, तेव्हा ह्यांनी पिंपरी-चिंचवडमधल्या निम्म्या जुन्या गाड्या उघडून बघितल्या असतील. शेवटी एक लाल गाडी पसंत पडली. त्या गाडीचं बॉनेट दर रविवारी उघडायचं, हा ह्यांचा नेम झाला. गाडीला काही झालेलं नसायचं. हे आपले ऑइल बघ, पाणी बघ, पट्टा चाचपून बघ, आणि विजू शेजारी उभी राहून आठवडाभरात कंपनीत काय घडलं ते सांगत असायची. मी चहा नेऊन दिला की दोघं गप्प व्हायची.

मग गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. गणराज चाकणलाच एका कंपनीत इंजिन जोडणीच्या लाइनवर आहे. चऱ्होलीत नव्या सोसायटीत त्यांचा फ्लॅट आहे. मुलगा शांत आहे, ताटात पडेल ते खातो, ह्यांना मामा म्हणतो, मला मामी म्हणतो, येता-जाता पाया पडतो. नाव ठेवायला कुठे जागाच नाही, आणि हीच ह्यांची खरी अडचण झाली. वाईट जावई मिळाला असता तर हे सुखात राहिले असते.

आधी रविवारचं येणं महिन्यावर गेलं. मग विजूचा फोन आला की हे धुतलेलेच हात पुन्हा पुसत माझ्या शेजारी येऊन उभे राहू लागले. पोरगी बोलायची माझ्याशी, कान ह्यांचे. तिच्या बोलण्यात ‘गणराज म्हणतो’ आलं की ह्यांच्या कपाळाची शीर उठायची. गणराजनं म्हणे असा एक पाना घेतला आहे, ज्याच्यावर आधी आकडा लावायचा, आणि बोल्ट तेवढा घट्ट झाला की तो टक् वाजून सांगतो. हे म्हणाले, ज्याच्या मनगटाला कळत न्हाई त्याला आकडा लागतो. मी म्हटलं, समोरच्या काचेच्या दारात तसले पाने भिंतभर टांगलेत, तेव्हा तर तुम्ही काही म्हणाला नव्हता. त्यावर हे चहात साखर कमी आहे म्हणाले.

गौरी-गणपतीत, आमच्याकडे आम्ही महालक्ष्म्या म्हणतो, त्यांच्या जेवणाला लेक-जावयाला बोलावलं होतं. घर गॅरेजच्या मागेच आहे. पोरं आली, गाडी शेडमध्ये लावली. गणराज आत जाऊन महालक्ष्म्यांच्या पाया पडला, विजू माझ्या हाताखाली पुरणपोळ्या लाटायला बसली. वरणाला मोठं पातेलं हवं होतं, ते गॅरेजच्या फळीवर होतं, म्हणून मी बाहेर आले. तर ह्यांनी बॉनेट उघडलेलं, आणि हे पुतळ्यासारखे उभे.

मी जवळ जाऊन बघितलं. चारही कॉइलच्या बोल्टांवर निळ्या मार्करनं एकेक बारीक रेघ मारलेली होती, बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या भागापर्यंत. कंपन्यांमध्ये बोल्ट नीट आवळला की तशी खूण करतात, पुढे तो हलला तर रेघ तुटलेली दिसते. ह्यांच्या खडूच्या आकड्यांचं तर नाव नव्हतं, कुणीतरी ते स्वच्छ पुसून काढलेले. नवऱ्याच्या सदऱ्यावर परक्या बाईचा केस सापडला तर बाईचा चेहरा जसा होईल, तसा माझ्या नवऱ्याचा चेहरा झाला होता. मला हसू आलं. आणि मग वाईट वाटलं, ते माझं मला. माझ्यावरून ह्या माणसाचा चेहरा कधी असा झाला नव्हता.

“त्यानं उघडली,” हे म्हणाले. “माझ्या पोरीची गाडी.”

मी म्हटलं, गाडी तिची, नवरा तिचा, तुम्हाला काय करायचंय, चला जेवायला. पण हे ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. प्लग कसे बसवलेत ते बघतो म्हणाले. गाडी चऱ्होलीहून नुकतीच आलेली, इंजिनाला हात लावला तर चटका बसेल अशी. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवणारा हा माणूस त्या दिवशी थांबला नाही. बॅटरीची वायर सोडली नाही. पहिली कॉइल काढली, प्लग बघितला, सगळं जिथल्या तिथे. दुसरी काढली, तीही तशीच. चूक सापडत नव्हती तसतसा ह्यांचा हात जोरात चालायला लागला. तिसऱ्या कॉइलच्या जोडाला ह्यांनी वायरीसकट धरून हिसका दिला आणि काडकन आवाज आला.

लॉक मोडलं होतं. प्लास्टिकचा तुकडा ह्यांच्या तळहातावर आला. मी तिथेच उभी होते, आणि माझ्या देखतच ह्यांनी तो तुकडा खिशात टाकला, काढलेल्या कॉइल रेघेला रेघ जुळवून लावल्या, जोड परत बसवून वरून केबल टायची प्लास्टिकची पट्टी आवळली, बॉनेट लावलं आणि हात धुवायला गेले.

पंगत बसली. मी पोळीवर तूप वाढत होते. हे एकदम म्हणाले, कुणाला उद्देशून नाही, ताटाकडे बघत, “तीन नंबरच्या कॉइलचं लॉक मोडलंय. ज्यानं हात लावला त्याला अक्कल न्हाई. येत नसलं तर मानसानं करू ने.”

माझ्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. विजूनं घास ताटात ठेवला आणि मान खाली घातली. गणराजनं एकदा तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, माझ्याकडूनच मोडलं असेल मामा, चुकलं. इतकंच बोलून तो कटाची आमटी प्यायला लागला.

माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण महालक्ष्म्यांसमोर, जावयाच्या पानावर नवऱ्याला खोटं पाडायचं कसं, म्हणून ते पोरं जाईपर्यंत धरून ठेवलं आणि नंतर एकदाच सगळं सुनावलं. म्हटलं, चोर तो चोर वर शिरजोर. आपल्या हातानं मोडलंत आणि पोराच्या माथी मारलंत, आणि पोराचा मोठेपणा बघा, त्यानं न केलेलं कबूल केलं. हे म्हणाले, कबूल केलं म्हंजी त्याच्याकडनंबी कायतरी चुकलं असंल. मी म्हटलं, आजच्या आज फोन करून खरं सांगा. हे म्हणाले, सांगतो की. सांगतो म्हणजे ह्यांच्या भाषेत नाही.

त्यानंतर जे झालं त्यानं माझं पित्त जास्त खवळलं. नवीन जोड आणून बसवतो, तोवर गाडी दर आठवड्याला दाखवून ने, असं ह्यांनी विजूला सांगितलं. त्यामुळे रविवारी पोरगी पुन्हा येऊ लागली. एकटीच. गणराजला आता मामांसमोर यायला अवघड वाटतं, म्हणाली. हे बॉनेट उघडायचे, केबल टाय चाचपायचे, जोड अजून बाजारात आला न्हाई म्हणायचे, आणि तिच्याशी गप्पा मारत बसायचे. विजू पूर्वीसारखी बोलत नव्हती, पण ह्यांना त्याचं काही नव्हतं. पेरू मात्र कापला जात होता. एक दिवस मी सुतळी शोधायला ह्यांचा खण उघडला तर पिशवीत गुंडाळलेला कोरा जोड तिथे पडलेला. पोरीनं येत राहावं म्हणून हा माणूस तो बसवत नव्हता.

मी भांडले. खूप भांडले. तिचा रोजचा रस्ता नाशिक हायवेचा आहे, गाडी मधेच बंद पडली आणि मागून ट्रक आला तर, असं म्हटलं. तेव्हा ह्यांचं तोंड उतरलं. येत्या रविवारी नक्की बसवतो म्हणाले. आणि मी काय म्हणाले ते ऐका. मी म्हणाले, माझ्यासाठी कधी असा एखादा जोड लपवून ठेवला असता तर मी तुमची आरती केली असती. हे म्हणाले, तू तर घरातच असतीस की.

रविवार यायच्या आधीच शनिवारी दुपारी फोन आला. विजू कंपनीतून सुटून घरी निघाली होती, चिंबळी फाट्याच्या अलीकडे गाडी झटके द्यायला लागली, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, म्हणून तिनं गाडी कडेला घेतली होती. गणराज पहिल्या शिफ्टचा, घरीच होता. चऱ्होली तिथून जवळ, आम्ही पार दुसऱ्या टोकाला. तरी तिनं फोन केला तो ह्यांना. ह्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो बघून मला वाटलं, या माणसाला गाडी बंद पडल्याचं दुःख नाही, गाडी बंद पडल्याचा सण आहे. हत्यारांची पिशवी घेऊन हे मोटारसायकलला किक मारतात तोवर मी मागे बसले. तू कशाला, म्हणाले. मी म्हटलं, माझीपण पोरगी आहे. खणातला जोड मी आधीच पिशवीत टाकला होता.

रावेत, स्पाइन रोड, मोशी असं करत पोचलो. विजू हायवेच्या कडेला लिंबाच्या सावलीत उभी होती. बॉनेट तिनंच उघडून ठेवलं होतं. केबल टाय सुटून खाली पडला होता आणि तीन नंबरचा जोड नुसता टेकलेला होता. ह्यांनी वरून हात धरून बघितला. इंजिन भट्टीसारखं तापलेलं. या वेळी हे थांबले. रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसले आणि विजूलाही बसायला सांगितलं. ट्रकांचा धुरळा अंगावर येत होता. करायला काहीच नव्हतं, म्हणून बोलणं निघालं. ह्यांनी मिशीत हसत विचारलं, घरी मानूस असताना मला कसा फोन केलास?

“त्याला बोलावलं असतं तर त्यानं पुन्हा स्वतःवर घेतलं असतं,” विजू म्हणाली. “अण्णा, गाडी गणराजनं उघडली नव्हती. मी उघडली होती.”

मग तिनं सगळं सांगितलं. पार्किंगमध्ये एका सुट्टीच्या दिवशी तिनं स्वतः प्लग बदलले होते. गणराज पाने घेऊन शेजारी उभा होता, पण त्यानं बोट लावलं नाही. तुला येतं, कर, म्हणाला. स्टुलावर बसून जे बघितलं होतं ते एकेक आठवून तिनं केलं, इंजिन गार होईपर्यंत वर जाऊन स्वयंपाक उरकला, मायनसची वायर सोडली, प्रत्येक कॉइल फिरवून सरळ काढली. निळा मार्करही तिच्याच पर्समधला. त्यांच्या क्वालिटीत तपासलेल्या मालावर तसलीच खूण करतात. खडूचे आकडे इंजिन पुसताना गेले होते. महालक्ष्म्यांचं जेवण झालं की अण्णांना बाहेर नेऊन बॉनेट उघडून दाखवायचं, असं तिनं येताना गाडीत ठरवलं होतं. तेवढ्यात ह्यांनी पानावर बसून तिची अक्कल काढली. गणराजला वाटलं हिच्याकडूनच मोडलं, म्हणून त्यानं आपल्या अंगावर घेतलं. तिलाही तेच वाटलं.

“तुमच्यासारखा हात नाही माझा, अण्णा,” ती म्हणाली. “मी परत नाही उघडणार. आता तुम्हीच बघत जा.”

हेच ऐकायला हे वर्षभर तडफडत होते. पोरीची गाडी पुन्हा ह्यांची झाली होती, पोरीनं आपल्या तोंडानं दिली होती. मी ह्यांच्याकडे बघत होते. मनात म्हटलं, आता हा माणूस गप्प बसला तर मी बोलणार, आणि मग पुढचं पुढे. ह्यांनी गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं. 

“लॉक मी मोडलं,” हे म्हणाले. “तू बसवलेलं चांगलं व्हतं. मी गरम इंजनात हिसका मारला. मला वाटलं त्यानं बसवलंय.”

विजू रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. उठली, इंजिनावर हात धरून बघितला आणि ह्यांच्यासमोरून हत्यारांची पिशवी उचलून नेली. हे उठायला लागले तर तिनं हातानंच बसा म्हणून सांगितलं. बॅटरीची वायर सोडली. तीन नंबरची कॉइल काढली, खालचं रबर बोटांनी चाचपून बघितलं, प्लग बघितला, फुंकर मारून पुन्हा बसवली. नवीन जोडाच्या वायरी जोडायचं काम तिनं कधी केलेलं नव्हतं, तेवढ्यासाठी ह्यांना हाक मारली. ह्यांनी वायरी जोडून दिल्या आणि बाजूला झाले. तिनं जोड सरकवला, लॉक बसल्याचा आवाज ऐकला, एकदा हलकेच ओढून खात्री केली. बॅटरीची वायर परत लावली, तशी गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली आणि शांत चालली. आता त्याला कोण सांगणार, एवढंच तिनं विचारलं. हे म्हणाले, मी सांगतो.

तिच्या मागोमाग आम्ही चऱ्होलीला गेलो. गणराजनं दार उघडलं, पाणी आणलं, बसा मामा म्हणाला. हे बसले नाहीत. पाण्याचा ग्लास हातात धरून उभ्यानंच म्हणाले, की ते लॉक माझ्या हातनं मोडलं, आणि मी तुमच्यावर घातलं, ते चुकलं. जावयासमोर सासऱ्यानं असं बोलायची आमच्याकडे रीत नाही. मला अभिमान वाटला, तो मी तोंडावर दिसू दिला नाही.

 गणराजनं ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तो वळला आणि विजूला म्हणाला, “म्हणजे तू बरोबर बसवलं होतंस.”

विजू हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. लहानपणी स्टुलावर बसून पेरू खाताना हसायची ना, तसं पूर्ण हसू, डोळ्यांसकट. ते हसू तिथून ह्यांच्याकडे यायचं. आता ते गणराजकडे गेलं आणि तिथेच राहिलं. ती त्याला हायवेवर कॉइल कशी काढली ते सांगायला लागली, तो मधे मधे विचारत होता, आणि आम्ही दोघं दाराजवळ उभे होतो. ह्यांनी पाणी न पिताच ग्लास टीपॉयवर ठेवला. मग विजूला आमची आठवण झाली, जेवून जा म्हणाली, गणराजनंही आग्रह केला. हे म्हणाले, गॅरेज उघडं टाकून आलोय.

आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दार मिटलं तरी हे त्या दाराकडेच बघत होते.

“तिनं माझ्याकडं बघितलंबी न्हाई,” हे म्हणाले.

आवाज असा होता, की दुसरं कुणी असतं तर मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला असता. पण मी इतकी वर्षं त्या कोपऱ्यात बसून ज्याची वाट बघत होते ते वाक्य ह्यांनी स्वतःच्या तोंडानं उच्चारलं होतं, आणि आता मला गप्प बसवेना.

“आता कळलं का,” मी म्हटलं, “मला एवढी वर्षं कसं वाटत आलंय ते?”

हे वळले.  लिफ्ट खाली पोचून दार उघडलं तरी हे माझ्याकडेच बघत उभे होते.